डोळ्यांत तेल

पहाटे साडेतीनला अर्न तलावावर धुकं इतकं,
की नांगराला बांधलेलं आपलंच विमान दिसत नाही.
पाणी त्याच्या पोटाला चापट्या मारतं, तेवढं ऐकू येतं.
होडी घेऊन आलेली नोरीन म्हणते,
जपून, पायरी निसरडी आहे.
रोज म्हणते. रोज असते.

आम्ही अकरा जण.
वेताच्या टोपलीत दोन कबुतरं,
पाण्यात खोलवर फुटायचे आठ पिंप,
आणि एक स्टोव्ह, ज्यावर मी अंडी तळतो.
गावात आठवड्याला माणशी एक अंडं.
आम्हाला दोन, तीही एकाच सकाळी.
का, ते कुणी विचारत नाही.

उजाडता उजाडता निघायचं.
मध्ये चार मैल दुसऱ्यांचा देश,
ज्याला या लढाईशी देणंघेणं नाही.
तिथे खिडक्यांना काळे पडदे नाहीत.
कुणीतरी कंदील घेऊन गोठ्याकडे चाललेलं असतं,
वर बघतं,
आणि कंदील झाकत नाही.

मग पाणी.
मग पाणी.
हॅडली नकाशावर पेन्सिलीने चौकोन काढतो,
समुद्र ते मानत नाही.
दर वीस मिनिटांनी पहारेकरी बदलायचा,
कारण एकविसाव्या मिनिटाला
पाणी आपल्याला हवं ते दाखवू लागतं.

डोळ्यांत तेल घालून बघा रे, मनरो म्हणतो.
आणि शोधायचं काय?
तेलच.
लाटांवर पसरलेला इंद्रधनुषी डाग,
एखादी टोपी, लाकडाची फळी.
खाली पन्नास माणसं होती, याची पावती.

माझी जागा शेपटीच्या टोकाला, काचेच्या घुमटात,
तोंड मागे करून.
पुढे काय येतंय ते बाकीच्यांना दिसतं.
मला घडून गेलेलं.

अकराव्या तासाला बूशार ओरडला.
उजवीकडे! दोन मैल! पांढरी रेघ!
विमान असं खाली आलं
की स्टोव्हवरची किटली माझ्या नावाने बोंबलत घरंगळली.
चार पिंप सुटले.
मी मोजलं: एक, दोन,
आणि समुद्र उभा राहिला.

तो परत बसला तेव्हा
मधोमध एक शेपूट वर आलं.
रुंद, काळं, देवळाच्या दाराएवढं.
थोडा वेळ तसंच उभं राहिलं,
जसं कुणी हाक आली म्हणून थांबतं,
मग गेलं.

मागे काय दिसतंय, बेव्हन?
मनरोचा आवाज कानात.
बेव्हन?

पाणी आधी लाल झालं.
मग त्यावर हळूहळू पसरलं
गुळगुळीत, जाड,
लाटांना झोपवणारं.

तेल, मी म्हणालो.

अकरा तासांत पहिल्यांदा लोक हसले.
कुणी पाठ थोपटली, कुणी शिट्टी घातली,
हॅडलीने वेळ लिहिली, जागा लिहिली,
पुढे लिहिलं: तेल, भरपूर.
अक्षर सुंदर होतं त्याचं.
मी खोटं बोललो नव्हतो.
हे मी नंतर बऱ्याचदा स्वतःला सांगितलं,
बहुतेक पहाटे.

सगळ्यांना अंडी हवी होती.
मी तव्यावर मार्गारीन टाकलं, ते वितळू लागलं.
डबा उलटा करून मागची अक्षरं वाचू नयेत
हे त्या दिवशी कळलं.
माझी दोन्ही अंडी बूशारने खाल्ली.

धुकं पुन्हा उतरलं होतं.
नोरीनने हात दिला.
सापडली म्हणे?
मी पायरीकडे बघत होतो.

सकाळी विमानाच्या नाकाडावर
कुणीतरी पांढऱ्या रंगाने पाणबुडी काढलेली.
छोटीशी, मनगटाएवढी.
काढणाऱ्याचा हात काही चित्रकाराचा नव्हता.
शेपूट जरा रुंद झालं होतं.